दोन लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव

हा आकडा सात वर्षं हललेला नाही.
काचेमागे हिरवा, गोठलेला.
बाहेर उणे चौतीस, उलानबातरचा जानेवारी,
मला वाटलं थंडीनंच आखडला.
गोम्बोसुरेन म्हणाले, नाही पोरी,
जपानमध्ये हिला जन्माला घालणाऱ्यांनी
याहून लांब आयुष्य धरलंच नव्हतं.
पुढचं वहीत आहे.

वही शाळेची, चौकड्यांची, कव्हरवर चरबीचा डाग.
ट्रिप मीटर रोज रात्री शून्य करायचा
आणि बेरीज इथे.
ऑइल दर पाच हजारांनी. सहा कधीच नाही.
इन्व्हर्टरचं पाणी. त्याचा पंप, एकदा.
पुढचे ब्रेक पॅड आत्ता कुठे दुसरे,
कारण उतारावर ही वेग फुकट घालवत नाही,
गिळून ठेवते,
आणि चढावर रवंथ करते.

मी ओयुनबिलेग. दोन कंटेनर जोडून केलेल्या गॅरेजात
फक्त बॅटऱ्या बघते.
मागची सीट काढली, रबरी मोजे चढवले,
केशरी खटका उपसला.
पंख्याच्या जाळीत मेंढीची लोकर,
कोळशाची काजळी,
वाळल्या दह्याच्या वडीचा दाताएवढा तुकडा.
एवढं नाकात घेऊन कोण श्वास घेईल?
तरी घेत होती.

अठ्ठावीस खण.
मीटरची टोकं टेकवत गेले:
सात पूर्णांक नऊ, सात नऊ, सात नऊ,
एकोणिसाव्याला सहा पूर्णांक सहा.
एक दमला की बाकीचे सत्तावीस त्याच्या वाटचं ओढतात
आणि कुणाला न सांगता आपलीही कंबर मोडून घेतात.
"नवा कोरा टाक," ते म्हणाले.
नको. म्हाताऱ्यांच्या रांगेत तरणा उभा केला
तर त्याची चाल यांना झेपत नाही, यांची त्याला.
हिच्याच वयाचा हवा, हिच्याइतकाच झिजलेला.
फळीवर माझ्याकडे चाळीस आहेत,
प्रत्येकावर खडूनं मूळ गाव:
दारखानच्या वळणावर उलटलेली,
पुरातली,
नवऱ्या-बायकोच्या भांडणात विकलेली.
ही शेवटची चांगली निघाली.

बटण दाबलं. आवाज नाही, नुसता दिवा.
मग ती जपानी बाई बोलली, रोजचंच वाक्य.
वीस वर्षं आम्ही सगळे ते "सांभाळून जा" असं धरून चालतो.
भाचा तिकडे शिकून आला, म्हणाला,
टोलचं कार्ड घातलेलं नाही, एवढंच सांगते ती.
मी हे गिऱ्हाइकांना सांगत नाही.

खारा चहा ओतताना विचारलं,
सहा लाख अकरा हजार. कसे काय, आजोबा?
त्यांनी कप दोन्ही हातांत धरला.
"स्टिअरिंग उजवीकडे. आपला रस्ताही उजवीकडचा.
ट्रकच्या मागे असलो की पुढचं मला दिसत नाही.
अर्वैखेरपर्यंत चारशे तीस किलोमीटर
डावीकडे बसलेल्या माणसानं काचेला गाल लावून सांगायचं असतं:
थांब. थांब. हं, आता."

वही माझ्या मांडीवर उघडीच होती.
पाच लाख चौऱ्याहत्तर हजारांपर्यंत अक्षर बारीक,
कलतं, मध्येच उडालेलं,
खड्ड्यातून जाताना लिहितात तसं.
त्यापुढे मोठं आणि स्थिर.
गाडी उभी करून लिहिलेलं.

"आता मी ओव्हरटेक करत नाही," ते म्हणाले.
"ट्रक जाईल तसा मागे जातो.
त्यानंच टिकली असेल."

जाळी सहा महिन्यांनी साफ करा, मी सांगितलं.
पैसे मोजून घेतले, दोनदा.
मागची सीट बसवली, बोल्ट आवळले,
मग झाडायला म्हणून पुढची डावी सीट सरकवायला वाकले
तर ते पटकन म्हणाले,
ती राहू दे.
ती बरोबर आहे.

इंजिन न लावताच निघाले.
फाटकापर्यंत फक्त टायरखाली
बर्फ चावल्याचा आवाज.